तेसोपचा भात

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय, आणि तेही भर दुपारी. ऑक्टोबर १९८३, बुसान.

आत्याचं नाव ओकबुन. १९५०च्या कोरियन युद्धात उत्तरेतून पळताना बंदरावर तिचा तेसोप हरवला. दोघांचं लग्न ठरलेलं होतं. गर्दीत त्याने अंगातला कोट काढून तिच्यावर टाकला.

"चुकामूक झाली तर बुसानला, येओंगदो पुलावर ये!"

एवढं ओरडला, आणि तिचं जहाज सुटलं.

तीन वर्षं ती रोज त्या पुलावर उभी राहिली. मग त्याला मेलेला धरलं. मेल्याची तिथी ठाऊक नसेल तर आमच्याकडे चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी त्याच्या नावाने पान मांडतात. भातात चमचा उभा रोवायचा, घराचं दार किलकिलं ठेवायचं आणि खोलीबाहेर थांबायचं.

दर वर्षी आतून खोकला यायचा...

आत्या घाबरायची नाही. "आपलाच माणूस आहे," म्हणायची.

१९८३च्या उन्हाळ्यात टीव्हीवर ताटातूट झालेल्यांचा शोध सुरू झाला. आत्या नावाची पाटी धरून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी फोन आला.

तेसोप जिवंत होता!

"लग्न केलंस का गं?"

"तुझ्या नावाने भात मांडत बसले, मेल्या! लग्न कधी करू?"

दोघं हसली, रडली.

"यंदा पान नाही मांडणार," आत्या म्हणाली. "त्या दिवशी तूच ये. बारा वाजता, पुलावर."

त्या दिवशी आत्या नवे कपडे घालून निघाली. कडी काढली.

दार उघडेना...

खिडकी हलेना. ती जिवाच्या आकांताने ओरडली. रस्त्यावरून माणसं जात होती. एकानेही वर पाहिलं नाही.

बारा वाजले. एक वाजला.

आणि आतल्या खोलीतून... तोच खोकला.

तेसोप तर जिवंत आहे. मग तीस वर्षं जेवून कोण जातंय?

तिने भात वाढला. चमचा रोवला.

दार आपोआप किलकिलं झालं.

ती पुलापर्यंत धावत गेली. तिथे कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"वाट पाहून घरी आलो होतो. दार उघडं होतं. तुझा नवरा जेवत होता, तू वाढत होतीस. आल्या पावली परतलो."

"नवरा? अरे, मी एकटीच होते!"

"पाठमोरा होता. पण ओकबुन, माझा कोट तरी त्याला द्यायचा नव्हतास."

त्याने फोन ठेवला. पुन्हा कधीच उचलला नाही.

कोट पेटीत होता. कुलूप जसंच्या तसं, घडीही जशीच्या तशी. फक्त बाहीला भाताची शितं चिकटलेली... अजून ओली.

आत्या गेली. घर माझ्याकडे आलं. एका वर्षी मी पान मांडायचं टाळून पाहिलं.

दार उघडलं नाही.

परवा नववा दिवस आहे. तांदूळ आणून ठेवलेत.