पाठमोरा नेम

खंडेनवमीला आमच्या पाटावर जे काही मांडलं जातं ते पाहून कुणालाही हसू येईल. माझा व्हर्नियर कॅलिपर, लेकीचा, म्हणजे सिद्धीचा, स्टेथोस्कोप, माझ्या नवऱ्याचा, मोरेश्वरचा, लॅपटॉप, लॉनमोवरची नुसती किल्ली, कारण अख्खा लॉनमोवर मी घरात येऊ देत नाही, आणि गेली चार वर्षं त्याची रायफल. मी इथे परदेशात, हॅमिल्टन शहराजवळच्या एका दूध-भुकटीच्या कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासते. काटा खरं बोलतोय की नाही, एवढंच बघायचं माझं काम. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं मी मोजायचा प्रयत्न केला आहे.

मोरेश्वर पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीतला नेमबाज होता. मग तीस वर्षं कॉम्प्युटर, आणि सत्तावन्नाव्या वर्षी साहेबांना पिराँगिया डोंगराच्या पायथ्याशी एक क्लब सापडला. तिथे चांगली मोठी, नातवंडं असलेली माणसं रविवारी हॅट आणि बूट घालून जुन्या अमेरिकेतल्या नेमबाजांचे खेळ करून बघतात. उडवलेलं नाणं टिपणं, मेणबत्तीची नुसती ज्योत विझवणं. प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं. आमच्या घरातलं टोपणनाव ‘पूना किड’. किड आता एकसष्टचा आहे.

या मंडळींच्या सगळ्या दंतकथांत एक बाई फार मानाची. कॅन्ससची, तंबूतल्या खेळांमधून गावोगाव फिरणारी. ती पत्त्यांतला एक पत्ता लाकडाच्या खाचेत उभा करायची, कड आपल्याकडे करून. आठ पावलं मोजून त्याच्याकडे पाठ करायची, रायफल खांद्यावर उलटी टाकायची, दुसऱ्या हातातल्या छोट्या आरशात बघायची आणि गोळीने पत्त्याच्या उभ्या दोन चिरफळ्या करायची. शंभरातून शंभर वेळा, असं म्हणतात. शंभरातून शंभर म्हटलं की मला मोजणाऱ्याचाच संशय येतो. क्लबच्या भिंतीवर तिचे तीन फोटो आहेत आणि तिन्हींत तिचा डावा डोळा मिटलेला आहे. चहा पितानाच्या फोटोतसुद्धा.

मोरेश्वरला हा नेम एकदाच साधायचा होता. घाई होती, कारण त्याच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता आणि डावाही त्याच वाटेवर होता. दवाखान्यातून मिळालेला बारीक चौकटींचा कागद आमच्या फ्रिजवर लावलेला असतो. रोज सकाळी एकेक डोळा झाकून त्याकडे बघायचं. मधल्या रेषा त्याला वाकलेल्या दिसायच्या, दर महिन्याला थोड्या जास्त. नाताळच्या आत गाडी आणि बंदूक दोन्ही सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

“गाडीचं काही नाही गं,” तो एकदा म्हणाला. “तुझा चेहरा मध्येच वाकतो, त्याचा राग येतो.”

मला भरून आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेतली.

यंदा पाटावर एक वस्तू नवी होती. ‘ते आवामुटू’ नावाच्या गावातल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्याला मुठीएवढा हाताचा आरसा मिळाला होता. पितळी पाठीचा, कडेला जरा पोचा आलेला. मोरेश्वर फोनवर बघून मंत्र म्हणत होता. आवाहनाला आला तसा अंगातला खोडकरपणा वर आला. आरशावर अक्षता वाहत म्हणाला, “कॅन्ससच्या बाई, तुम्हीपण या. बसा. आमच्याकडे पुरण आहे.”

“बाबा, यू आर सो एक्स्ट्रा,” सिद्धी म्हणाली. ती इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र असं येतं.

तेवढ्यात बेल वाजली. लायसन्ससाठी बंदुकीची तिजोरी तपासायला येणाऱ्या बाई दहाऐवजी साडेनऊलाच हजर. घरात कुंकू लावलेली, झेंडूची माळ घातलेली रायफल पाटावर. मोरेश्वरने ती माळेसकट तिजोरीत ठेवली आणि मी बाकीचा पाट तसाच उचलून कपाटात सरकवला. त्या बाईंनी तिजोरी उघडायला लावली, कुंकवाकडे बघितलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं की हा टोमॅटो सॉस आहे का.

हसण्यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दसरा, पण मला कारखान्यातून बोलावणं आलं. उत्तरपूजा राहिली. आमच्याकडे रीत अशी की ज्याला अक्षता टाकून बोलावलं, त्याला अक्षता टाकूनच निरोप द्यायचा, मग वस्तू हलवायची. मला आठवण झाली तेव्हा आठवडा उलटला होता, आणि आरसा क्लबवर पोचला होता.

नेमबाजीच्या वेळी सुरक्षितता सांभाळणारा क्लबचा रेंज ऑफिसर म्हणजे वायरेमू. त्याला डोळ्यांचं माहीत होतं, म्हणून त्याचे नियम कडक. तीन बाजूंनी मातीचा उंच बांध असलेल्या खड्ड्यातच उभं राहायचं, एका वेळी एकच गोळी, आणि पूर्ण वेळ वायरेमूचा हात मोरेश्वरच्या खांद्यावर. मी कारखान्याचा कॅमेरा रीतसर परवानगी घेऊन आणला होता. भुकटीचे कण उडताना टिपायला तो सेकंदाला दहा हजार चित्रं काढतो. आधीच्या दोन महिन्यांत मोरेश्वरच्या तीनशे बारा गोळ्या झाल्या होत्या आणि एकही पत्त्यापासून चार बोटांच्या आत गेली नव्हती.

हा आरसा नेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पहिली गोळी अकरा मिलिमीटरवरून गेली. दुसरी नऊवरून. तिसरी सहावरून.

“माझं कोपर उचलू नकोस ना यार,” मोरेश्वर वायरेमूला इंग्रजीत म्हणाला. “हलकं वर करतोयस तू.”

“माझा हात खांद्यावरच आहे, किड,” वायरेमू म्हणाला.

मी चित्रं बघितली. हात खांद्यावरच होता. कोपर मात्र प्रत्येक वेळी गोळी सुटायच्या जरा आधी केसभर वर जात होतं, आणि शर्टाच्या बाहीला तिथे खळगा पडत होता. वारा असेल, असं मी वहीत लिहिलं. त्या दिवशी वारा नव्हता.

घरी येताना तो गाणं गुणगुणत होता. किती महिन्यांनी, ते मी मोजलं नाही. “वसुंधरा, एक सांगू? आरशात पत्ता सरळ दिसतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे काठीसारखा सरळ. नुसतं बघितलं तर साप.”

असं होऊ शकत नाही. दोष डोळ्यात असेल तर आरसा काय करणार? मी घरी गेल्यावर फ्रिजवरचा कागद त्याच्या पाठीमागे धरला. बाथरूमच्या आरशात बघितलं तर रेषा वाकड्या. गाडीच्या आरशात वाकड्या. माझ्या पावडरच्या डबीतल्या आरशातही वाकड्या. त्या पितळी आरशात सरळ. मी कागद उलटा केला, तिरपा केला, न सांगता त्या जागी खरोखर वाकड्या रेषांचा कागद धरला. त्याने लगेच ओळखलं. “हा कुठला दुसराच आणलास,” म्हणाला आणि पोट धरून हसला. मीही हसले. माझ्या हातावर काटा आला होता हे खरं, पण आमच्या घरात इतकं हसू कितीतरी दिवसांत झालं नव्हतं, आणि मला ते तपासून बंद पाडायचं नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी क्लबचा मोठा दिवस असतो. गवत ओलं होतं, ऊन लख्ख होतं, कुंपणावर मॅगपाय पक्षी ओरडत होते. एकीकडे सॉसेज भाजत होते आणि त्यांच्या शेजारी माझे बटाटेवडे, जे सॉसेजच्या आधी संपले. गमबूट आणि काउबॉय हॅट घातलेली शंभरएक माणसं. सिद्धीने बाबासाठी लाल रुमाल इस्त्री करून आणला होता आणि त्याच्या गळ्यात स्वतः बांधला. मोरेश्वरने त्या सकाळीच वायरेमूला सांगून टाकलं होतं की आजची एकच गोळी, लागो न लागो, मग रायफल तुझ्याकडे.

पत्ता चौकटची राणी. खाचेत उभा केला. मागे काळं कापड.

आठ पावलं त्याने मोठ्याने मोजली, मराठीत. लोकांनीही त्याच्याबरोबर मोजली, जशी जमेल तशी.

तो पाठमोरा झाला. रायफल खांद्यावर उलटी. वायरेमूचा हात दुसऱ्या खांद्यावर. आरसा वर आला.

सगळं शांत झालं. मॅगपायसुद्धा.

गोळी सुटली.

पत्त्याच्या दोन फाकी झाल्या आणि दोन्ही बाजूंना गवतावर पडल्या.

मग जो गलका झाला तो पिराँगियाच्या माथ्यावर ऐकू गेला असेल. वायरेमूने मोरेश्वरला उचलून घेतलं. सिद्धी रडत होती, “बाबा, यू डिड इट,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मोरेश्वर माझ्याकडे आला आणि लहान मुलासारखा नुसता हसत उभा राहिला. मी त्याला सगळ्यांसमोर घट्ट मिठी मारली. पुण्यात मारली नसती.

सोमवारी सकाळी मी चित्रं बघायला बसले.

एक गोळी, एक कॅमेरा, चूक व्हायला जागाच नाही. तरी मी ती वीस वेळा पुढे-मागे केली.

पत्ता आधी फाटला.

वरच्या टोकापासून खालपर्यंत, सरळ रेषेत, एखादं दार उघडावं तसा. गोळी तेव्हा वीतभर लांब होती. ती आली आणि दोन फाकींच्या मधून, कशालाही न शिवता, निघून गेली. या बंदुकीच्या गोळीचा वारा वीतभर पुढे जात नाही. ते मी मोजलं. मोजून वही मिटली.

मोरेश्वरला मी हे सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक आकडा लपवला.

मात्र एक गोष्ट करायची ठरवली. अक्षता टाकून बोलावलेल्या पाहुण्यांचं काम झालं होतं, आता रीतसर निरोप द्यायला हवा होता. मी तांदळाला कुंकू लावलं, मूठभर अक्षता घेतल्या आणि बैठकीच्या खोलीत गेले.

मोरेश्वर खिडकीशी उन्हात बसला होता, दाराकडे पाठ करून. आरसा त्याच्या हातात होता. काही दिवसांपासून तो तसाच बसायचा. आरशातून बाग बघायचा, सिद्धीचा फोटो बघायचा. मी मागे जाऊन उभी राहिले. आरसा किंचित हलला.

“आलीस?” तो म्हणाला. “अगदी सरळ दिसतेस. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं जागच्या जागी. हे गेलं असतं ना, तर बाकीच्या दिसण्याचं मी काय केलं असतं?”

इतक्या वर्षांत त्याने मला असं काही म्हटलं नव्हतं. ओठांवर आलेला निरोप मी गिळला. मूठ मिटली आणि मागे घेतली. राहू देत, म्हटलं. पाहुणे आहेत, राहू देत.

आरशात बघतच तो हसला.

“पण हे काय नवीन?” तो म्हणाला. “डावा डोळा मिटून काय बघतेस? माझ्यावर नेम धरतेस की काय?”

माझे दोन्ही डोळे उघडे होते.