दोन बोटांचा लिव्हर

हे घडलेलं आहे. माझ्यासोबत घडलं आहे. कोणाले पटो का न पटो, मले त्याचं काही नाही. सत्त्याहत्तर वर्षाचा झालो, आता खोटं बोलून मले काय भेटणार?

साल एकाहत्तर, मार्च महिना. बालाघाटले बैहरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. पुढच्या खोलीत माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, मागं आम्ही राहायचो.

अन् रात्र नव्हती... भर दुपार होती.

माझा मोठा भाऊ भोजराज. देवीची लस टोचायले तो बैहर-बिरसाच्या जंगलातल्या गावांत फिरे. त्यासाठी त्यानं लिलावात एक जुनी, वजनदार मोटारसायकल घेतलती. लहानपणी राइस मिलच्या पट्ट्यात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलती. क्लच तो करंगळी अन् तिच्या बाजूच्या बोटानं दाबे. सरळ लिव्हरवर ती बोटं पुरत नव्हती, म्हणून त्याचा लिव्हर मी खाली झुकवून बसवायचो. बाकी दुनियेचा सरळ, दादाचा खाली.

माझ्या उस्तादाचा एक नियम होता. गाडीच्या मालकानं स्वतः दोनदा दाबून पाह्यल्याशिवाय लिव्हरचा बोल्ट पक्का आवळायचा नाही.

जानेवारीत एका सकाळी दादा म्हणे, "सुखराम, लिव्हर ढिला झाला. सरकून राह्यला. जरा पाह्य."

तो जेवायले आत गेला. मी दोन दिवसांपासून तापात. डोकं चालत नव्हतं, हात आपोआप चालत होते. दादाची वाट न पाहता बोल्ट कचकचून आवळला...

सरळ. सगळ्यांचा बसवतो तसा.

दादा बाहेर आला. दोनदा दाबून पाह्यलं.

टप. टप.

माझ्या तोंडाकडं पाह्यलं. "चालते," म्हणे. आत जाऊन पाणी प्यायला अन् निघाला.

बैहरच्या घाटात गाडी खाली गेली. दादा तिथंच गेला.

कोणी म्हणे चितळ आडवं आलं, कोणी म्हणे मुरमावर घसरला. गाडी घरी आणली तेव्हा पाह्यलं. टाकी चेपलेली, दिवा फुटलेला, पण लिव्हर जागेवर. सरळ.

मले रडू नाही आलं. शीलावहिनी बी रडली नाही. आम्ही जेवत होतो, झोपत होतो, बस्स.

मार्चमध्ये वहिनी म्हणे, "भाऊजी, गाडी विकून टाका. समोर दिसली का घास जात नाही." खैरलांजीच्या मोतीलालनं रविवारी येतो म्हणून निरोप धाडला.

शनिवारी दुपारी मी लिव्हर खोलून धुतला, ग्रीस लावलं, सरळ बसवून आवळला. दुकानाचं दार लावून आत जेवायले बसलो.

पहिलाच घास हातात होता...

टप. टप.

उंदीर असन, म्हटलं. जेवून आलो. लिव्हर खाली झुकलेला. हातानं हलवून पाह्यला, हलेना. बोल्ट तर पक्का. परत ढिला केला, सरळ केला, सारा जोर लावून आवळला. पाना ठेवायले वळलो...

टप. टप.

लिव्हर खाली. अन् त्याच्यावरचं ग्रीस टोकाले दोन ठिकाणी पुसलेलं. दोनच बोटं.

मले भीती नाही वाटली. खरं सांगतो, काहीच नाही वाटलं. फडक्यानं ग्रीस पुसून टाकलं.

रविवारी मोतीलाल आला. गाडीवर बसला, क्लच दाबला अन् हात झटकला.

"भाऊ, ये तो नीचे है. काहून असा बसवला? सरळ करून द्या, आजच घेऊन जातो."

मी पाना बोल्टले लावला. अन् हात थांबला. एकदा सरळ केलता, त्याचं काय झालं ते मले माहीत होतं.

"नाही होत," मी म्हटलं.

"एवढंसं काम नाही होत? मग दुकान काहून उघडलं?" तो बडबडत निघून गेला.

मी दार लावलं. बोल्ट पुरा ढिला केला. उस्ताद मालकाले सांगे, तसंच सांगतलं.

"दादा, दाबून पाह्य."

कितीक वेळ काही नाही. मागं वहिनी तांदूळ पाखडत होती, त्याचाच आवाज...

मग तो बी थांबला.

टप... टप.

लिव्हर हळूच खाली आला अन् एका जागी थांबला. तितक्यावर मी बोल्ट आवळला. पाना खाली ठेवून वळलो.

आतल्या दारात वहिनी उभी होती. सूप हातातच.

"वहिनी," मी म्हटलं, "त्या दिवशी मी सरळ आवळलता. चूक माझी हाय."

"मले माहीत हाय," ती म्हणे. "पाणी पितानी त्याइनं सांगतलं. म्हणे, सुखरामनं सरळच ठेवला. पोरगा तापात हाय, त्याले काय बोलू? आल्यावर नीट करून घेईन."

दोन महिने हे तिच्या पोटात होतं. मी गाडीजवळच खाली बसलो. दादा गेल्यापासून पहिल्यांदा रडलो.

गाडी विकली नाही. अजून मागच्या खोलीत आहे. तो बोल्ट परत कधी ढिला झाला नाही.

दुकान मी चाळीस वर्षं चालवलं. मालकानं दाबून पाह्यल्याशिवाय एक बी लिव्हर आवळला नाही. पण काही गिऱ्हाइकं घाईत असायची. एकदाच दाबायची अन् हात काढून घ्यायची.

तरी दुसरी टप ऐकू यायची... अन् ती आल्यावरच मी पाना फिरवायचो.