महादरवाजाचा अडसर

चामटोलीमागच्या डोंगरावर पडक्या गडाचा महादरवाजा शोधायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघे सकाळीच हेंद्रेपाड्यातून निघालो. आमचा म्होरक्या महेंद्रदादा, मी आणि ऋतिका. दरड कोसळून दरवाजा कधीच गाडला गेला होता. तो शोधणार मीच, हे माझ्या मनात पक्कं होतं. कित्येक रविवार मी हा डोंगर पिंजून काढला होता. ऋतिका आज पहिल्यांदा येत होती, तीही कॉलेजच्या बुटांत!

करवंदीच्या जाळ्या ओरबाडत होत्या, घसाऱ्यावर पाय ठरत नव्हता. शेवटचा कातळ मी सर्वांत आधी चढले, तेवढ्यात खालून ऋतिकाची हाक आली.

“दादा, इकडे भिंतीत होल आहे बघा. आत कायतरी लाकूड दिसतंय.”

मी परत खाली उतरले तोवर दादाने टॉर्च मारला आणि तो मटकन खालीच बसला. “अगं, हा अडसर. दार लावलं की हा दांडा मागून आडवा सरकवायचा, उघडायचं असलं की परत भिंतीत. म्हणजे महादरवाजा हाच. जिंकलंस पोरी.”

त्याच भिंतीला टेकून मी कितीदा डबा खाल्ला होता! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिघांनी ओढल्यावर सागाचा तो जाडजूड वासा करकरत बाहेर आला. ऋतिका रुमालाने त्याची माती पुसायला बसली. आणि वरचा घसारा सुटला! दगड गडगडले. मी उडी मारली. दादाही वाचला. ऋतिकाचा पाय मात्र धोंड्याखाली अडकला, आणि वरून माती येतच होती.

आम्ही धोंडा रेटला. हलेना! पहार कुणाकडेच नव्हती. मी अडसराला हात घातला.

“अनुयाताई, तो नको,” ऋतिका कळवळली. “मोडेल तो.”

“मोडू दे.”

टोक धोंड्याखाली खुपसून मी सगळा भार टाकला. धोंडा जरासा उचलला गेला. दादाने तिला खेचलं. आणि काडकन अडसराचे दोन तुकडे!

मला एकदम बरं वाटलं. तिचा पाय सुटला म्हणून की तिचं घबाड मोडलं म्हणून, ते मी स्वतःला विचारलं नाही.

तिथे थांबणं धोक्याचं होतं. तुकडे पुन्हा भिंतीत सरकवून आम्ही उतरायला लागलो. ऋतिका माझ्या खांद्यावर रेलून लंगडत होती.

“ताई, तू इतकी वर्षं शोधत होतीस,” ती म्हणाली, “आणि माझ्यासाठी मोडलास.”

तिच्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं. मला त्याचाही हेवा वाटला.