ब्रॉनविनचा संगणक आणि सेरूवरचा आळ

ईस्टरच्या सोमवारी सकाळी नोरीन टिबल्स मेरिन क्वेफच्या दारात उभी राहिली.

"माझी मुलगी आज नवऱ्याला घराबाहेर काढतेय," ती म्हणाली. "त्यानेच केलं असेल तर जाऊ दे. नसेल, तर मला कळायला हवं."

मेरिन विमा कंपनीतून निवृत्त झालेली तपासनीस. तिचा सोबती ॲल्बी, जुना बसचालक, नोरीनच्या घरासमोरच राहायचा. माणूस सज्जन, डोकं मात्र सावकाश चालायचं.

हकिगत साधी होती. नोरीनच्या मुलीचा, ब्रॉनविनचा, कार्टूनपट, सहा वर्षांची मेहनत, मंगळवारी पाठवायचा होता. तो होता सेरूने, तिच्या फिजियन नवऱ्याने, जुने भाग जमवून बांधलेल्या संगणकात. गुरुवारी संध्याकाळी सेरूने बूटलोडर, म्हणजे संगणक जागा करणारा प्रोग्राम, अपडेट केला. शनिवारी ब्रॉनविनने बटण दाबलं तर पडद्यावर एकच ओळ: डिस्क सापडत नाही. तेव्हापासून तिने त्याला त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

सेरू अंगणात बॅग भरून बसला होता. अपडेटनंतर दोनदा बंद-चालू करून पाहिलं, दोन्ही वेळा नीट चाललं, असं तो म्हणाला. हे बघायला अर्थातच कुणी नव्हतं.

ब्रॉनविनचा भाऊ क्लाइव्ह कोचावर लोळत होता. "भंगारातनं मशीन बनवणारा माणूस. दुसरं काय होणार?" खोलीत आपण गेलोच नाही, शुक्रवारी पहाटे मासे पकडायला निघालो, असं त्याने सांगितलं.

"सुटलो बाबा," ॲल्बी पुटपुटला. "गुरुवारी रात्री तुझ्या गाडीने तीनदा बोंब मारली, शुक्रवारी पहाटे मात्र गप्प होती."

चावीचा रिमोट मेला होता, नुसत्या चावीने दार उघडलं की भोंगा वाजायचा, असं क्लाइव्ह म्हणाला. शुक्रवारी का नाही वाजला, असं ॲल्बीने विचारलं.

"झाला असेल आपोआप नीट."

मेरिनने संगणक चालू करून सेटिंगचं पान उघडलं. तारीख होती एक जानेवारी, दहा वर्षांपूर्वीची. शनिवारी भिंतीवरचं बटण बंद होतं, असं ब्रॉनविनने सांगितलं. तेही सेरूचंच काम, असा तिचा समज.

मग मेरिनने सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"अपडेट डिस्कवर लिहिलं जातं," ती म्हणाली. "घड्याळ मागे न्यायची ताकद त्यात नाही. मला तिथेच संशय आला." तिने पेटीचा पत्रा काढला. आत एक गोल खाच रिकामी होती. "इथे नाण्याएवढी बॅटरी असते. हा बोर्ड जुना आहे. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ते तिच्या जिवावर लक्षात ठेवतो. भिंतीवरचं बटण बंद केलं आणि ही काढली, की सगळं विसरतो."

"पण बॅटरी कुणाला हवी?" ॲल्बीने विचारलं.

"गुरुवारी रात्री जिचा रिमोट मेलेला होता आणि शुक्रवारी पहाटे चालला, त्या गाडीच्या मालकाला. रिमोटलाही अशीच बॅटरी लागते. मधे दुकान कुठलं? गुड फ्रायडे होता, ॲल्बी. गावात ब्रेडसुद्धा मिळत नव्हता. क्लाइव्ह, चावी दे."

क्लाइव्हने मान खाली घालून चावी टेबलावर ठेवली.

"शनिवारी परत बसवणार होतो," तो म्हणाला. "तोवर सगळे सेरूलाच बोलत होते. मग राहिलो गप्प."

नोरीनने मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. लाज तिला वाटत होती, त्याला वाटायला हवी होती.

सेरूने बॅटरी बसवली, डिस्कचा क्रम लावला. पाच मिनिटांत ब्रॉनविनची चित्रं पडद्यावर हलू लागली. त्याने हात पुसले आणि बॅग उचलली.

"सेरू, आता कुठे निघालास?" ब्रॉनविनने विचारलं.

"मशीनचं काय झालं हे विचारायला तू बाहेरची माणसं येऊ दिलीस," तो शांतपणे म्हणाला. "मला एकदाही विचारलं नाहीस."

तो आपल्या गाडीत जाऊन बसला. ब्रॉनविनने एकदा पडद्याकडे पाहिलं, मग चपलाही न घालता धावली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. सेरू तिला उतर म्हणत होता. ती पट्टा लावून समोर बघत राहिली.