तातडीची त्रुटी

"आमच्या कोडला धोक्याचे गुण दहापैकी नऊ पॉइंट आठ! त्या बाईला जिथेतिथे चोरच दिसतात," पाण्याच्या मशीनपाशी तो कुरकुरत होता.

"दिसतात खरे," ती मागून म्हणाली. "ती बाई मीच."

ग्लास भरून वाहू लागला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या... आणि तिला ते उगाचच आवडलं.

तो परदेशातून कंत्राटावर आलेला प्रोग्रामर, तिच्यासाठी 'पाहुणे'. ती त्याची 'फौजदार'. दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमधली कुठली त्रुटी आधी बुजवायची, हे ती ठरवायची. नऊ पॉइंट आठवाली त्याच्या भागात निघाली, म्हणून ती बुजवेपर्यंत त्याचं कंत्राट वाढलं. ते संपलं की त्याची या देशात राहायची परवानगीही संपणार होती.

दोघं एकाच स्क्रीनसमोर बसू लागली. कोपराला कोपर लागलं तरी कुणीच हात मागे घेत नसे.

मग एका दुपारी तिने त्याच्या भागापर्यंत जाणाऱ्या वाटा तपासल्या. एकही नव्हती. त्रुटी भयंकर होती, पण तिथवर बाहेरचं कुणी पोचूच शकत नव्हतं. उलट लॉगिनच्या पानावरची पाच गुणांची साधी त्रुटी साऱ्या जगाला उघडी होती. तिथून कुठल्याही रुग्णाचे रिपोर्ट वाचता येत होते. आणि ती बुजवणारी सगळी माणसं त्याच्या मदतीला बसवलेली!

"तुझ्या भागापर्यंत कुणी पोचतच नाही," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

"बोललो असतो तर सामान बांधावं लागलं असतं. मग फौजदार... कुठे भेटली असती?"

हेच ऐकायला ती किती आसुसली होती. आणि ते असं यावं!

"अजून थोडे दिवस थांब ना," तो म्हणाला. "इतके दिवस कुणी शिरलं नाही."

"शिरलं असतं तर आपल्याला कळलं असतं?"

लॉगिनवर कोण येऊन गेलं, याची नोंदच कुणी ठेवत नव्हतं.

तिने त्याच्या त्रुटीपुढे 'नंतर' लिहिलं, लॉगिनपुढे 'आज'. खाली प्रोग्रामरची संमती हवी होती. त्यानेच कीबोर्ड ओढला, संमती दिली आणि स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "आवडतेस तू मला. फार."

"मलाही तू..." तिची नजर 'नंतर'वर गेली. "आता काय उपयोग रे?"

तेवढ्यात पलीकडे हाकाहाकी झाली. माणसं लॉगिनच्या कामाला लागली. एकजण धावत आला, पाहुण्यांच्या खुर्चीला हात लावत. "ताई, ही खुर्ची लागतेय का तुम्हाला?"

लागतेय, असं ओरडावंसं वाटलं तिला.

"न्या," तो म्हणाला, आणि उभा राहिला.