बर्फात चालायची शिकवणी

दुबईजवळच्या अल मजाजच्या बागेत पहिल्याच दिवशी दोघांची टक्कर होता होता राहिली. विभावरीबाई मधली हिरवळ उजव्या हाताला ठेवून चालत होत्या, देवळात प्रदक्षिणा घालतात तशा. वळणावर समोरून एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आले आणि थबकले.

"तुम्ही उलट्या चालताय," ते चक्क मराठीत म्हणाले.

"मी मराठी आहे हे कसं ओळखलंत?"

"साडीवर स्पोर्ट्स शूज... आणि चेहऱ्यावर आपणच बरोबर असल्याची खात्री."

"खात्री आहेच. उलटे तुम्ही चालताय."

दिशा दोघांनीही बदलली नाही. त्यामुळे एका फेरीत दोनदा गाठ पडायची. ते गृहस्थ, हेमचंद्र, जाता जाता काहीतरी विचारायचे आणि उत्तर शोधायला विभावरीबाईंना अर्धी फेरी मिळायची. वर्षभर बोलणं असं तुकड्यातुकड्यानं चाललं. त्यांची पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली, बाईंचे यजमान अकरा वर्षांपूर्वी, हेसुद्धा एकमेकांना असंच वळणावळणावर कळलं.

जानेवारीतल्या एका सकाळी मात्र हेमचंद्र चालता चालता थांबले.

"शिकवणी घ्याल का माझी? बर्फात चालायची."

विभावरीबाई लग्नानंतर तीन वर्षं हिमाचलात राहिल्या होत्या. यजमान रस्तेबांधणी खात्यात होते. हे सगळं त्यांनीच हेमचंद्रांना कधीतरी सांगितलं होतं.

"माझी लेक मैथिली कॅनडाला बोलावतेय, कायमचं," हेमचंद्र म्हणाले. "इथे मुलाकडे, वरदकडे, चार वर्षं झाली, आता तिची पाळी. या महिन्याअखेर व्हिसा संपतोय. रिन्यू करू की नको, वरद रोज विचारतो. पण तिकडे पाच महिने बर्फ... पडलो तर खलास."

"घेईन की," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. त्या दिवशी त्यांनी एक फेरी कमीच घातली.

शुक्रवारी दोघं दुबईला मॉलमधल्या बर्फाच्या डोंगरावर गेले. बाहेर चोवीस, आत उणे दोन. बाईंनी लेकीची, शुभ्राची, ट्रॅकपँट घातली होती. निघताना नात वैभवी म्हणाली होती, "आजी, इज इट अ डेट?" बाईंनी तिला दूध संपवायला सांगितलं होतं.

भाड्याच्या निळ्या जाकिटात हेमचंद्र गॅस सिलिंडरसारखे दिसत होते. बाईंनी पिशवीतून तपकिरी कानटोपी काढली. आठ दिवस बसून विणलेली.

"ही कोणासाठी?"

"गारठणाऱ्यासाठी. घाला."

घसरणाऱ्या पोरांना चुकवून दोघं टेकडीच्या कडेला आले. तिथे ताजा बर्फ ढीग घालून ठेवला होता. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि विभावरीबाईंना एकदम चाळीस वर्षांपूर्वीचा चढ आठवला. यजमान पुढे चालायचे. त्यांच्या पावलांच्या खड्ड्यांत त्या आपलं पाऊल टाकायच्या. खड्डे लांब लांब असत, उडी मारल्यासारखं चालावं लागे. माणूस चांगला होता, फक्त मागे वळून बघायचा नाही.

"हात खिशात नकोत," त्या म्हणाल्या. "गुडघे सैल. पाऊल छोटं. मी पुढे होते, माझ्या पावलांत पाय टाका."

त्यांनी मुद्दाम जवळ जवळ पावलं टाकली. दर चार पावलांना मागे वळून पाहिलं. हेमचंद्र मन लावून चढत होते, जीभ दातात धरून, शाळेतल्या मुलासारखे. एकदाही डगमगले नाहीत. बाईंना कौतुक वाटलं आणि भीतीही. हा माणूस जितका नीट शिकेल, तितका लांब जाईल. खोटं शिकवावं का? तसं शिकवलं असतं, तर तिकडे कुठल्यातरी फुटपाथवर त्यांचं हाड मोडलं असतं. त्यांनी नीटच शिकवलं.

माथ्यावर पोचल्यावर हेमचंद्रांच्या भुवयांवर बर्फाची पूड बसली होती.

"पास?"

"पास," बाई म्हणाल्या. त्यांनी रुमालाने नाक पुसलं. थंडीच तशी होती.

"आता उतरताना तुम्ही पुढे नका. बरोबर चला. पाठ बघून शिकवणी होते, बोलणं होत नाही."

दोघं शेजारी शेजारी उतरले. शेवटची दोन पावलं उरली असताना हेमचंद्र पडले. अगदी बेताने... गुडघे सैल ठेवून, हात सावरून, मऊ ढिगाऱ्यात.

बाई घाबरून खाली बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं.

"पडताना हात बरोबर कसे ठेवलेत? हे तर मी अजून शिकवलंच नाही."

"नापास झालो," ते आडवेच राहून म्हणाले. "मैथिलीला कळवायला हवं. म्हणावं, मास्तरीणबाई म्हणतात अजून एक वर्ष लागेल."

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हणा ना."

वरून यंत्राचा बारीक बर्फ भुरभुरत होता. ती कानटोपी एका कानावर सरकली होती. विभावरीबाईंनी ती नीट केली आणि हात तिथेच राहू दिला.

"जाऊ नका," त्या म्हणाल्या. "आणि जायचंच असेल कधी, तर मला विचारून जा. मलाही बर्फात चालता येतं."

 हेमचंद्रांनी जाकिटातून फोन काढला, ओल्या बोटांनी वरदला एकच शब्द पाठवला - रिन्यू.

"उठा आता. ओले व्हाल."

"हात द्या. नापास विद्यार्थी आहे."

दुसऱ्या सकाळी बाई बागेत आल्या, तर वळणावर समोरून कोणीच येईना. अर्धी फेरी झाली, तरी नाही. त्यांचं पाऊल मंदावलं. तेवढ्यात मागून धाप लागलेला आवाज आला.

"अहो, जरा हळू... एवढ्या वर्षांत या दिशेने कधी चाललो नाही."

डोक्यावर तपकिरी कानटोपी होती, एवढ्या उन्हात.

"मग आता दोनदा भेटणं बंद?" बाईंनी विचारलं.

"बंद," म्हणत ते त्यांच्या डाव्या बाजूला आले आणि पावलाशी पाऊल जुळवू लागले.