अक्रोडाचा मारेकरी

"माझ्या अक्रोडाला कुणीतरी विष घालतंय. पोलिसांत जायच्या आधी तुम्ही एकदा बघून जा."

फोन एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा होता. झाडांची डॉक्टर लगेच त्यांच्या बागेत हजर झाली.

अक्रोड खरंच खंगला होता. शेंडे वाळलेले, पानं बारीक आणि पिवळी. खालची हिरवळ मात्र कशी तजेलदार!

"मांडीचं हाड मोडून दवाखान्यात होते, तेव्हा यांनी लावली," मागे उभ्या यजमानांकडे बघत बाई काठी टेकत म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी कुंपणाकडे बोट केलं. "तो बघा. तणनाशकाचा डबा घेऊन इथेच घुटमळत असतो."

शेजारी पलीकडेच उभा होता.

"डबा तुमचा?" डॉक्टरनं विचारलं.

"माझाच. फरशीतल्या गवतासाठी."

"झाड गेलं तर तुम्हाला बरंच?"

"बरंच! पानांनी पन्हळ तुंबते माझी. म्हणून काय मी खुनी?" तो तडकला आणि घरात निघून गेला.

"बघितलंत? कसा पळाला!" बाई म्हणाल्या.

डॉक्टरनं खोड चाचपलं. भोक नाही, घाव नाही. ती विचार करत झाडाखालच्या बाकावर टेकली, तर गुडघे थेट हनुवटीशी आले.

"बाक फारच बुटका आहे हो."

"पूर्वी बरा होता," बाई म्हणाल्या.

डॉक्टर तडक उठली. तिनं खुरपं काढलं.

"खणायलाच हवं का?" इतका वेळ गप्प असलेले बाईंचे यजमान घाईनं म्हणाले. "उगाच हिरवळ खराब होईल."

तिनं खणलंच. वीतभर खाली खोडाची साल काळी, मऊ, आंबूस वासाची.

"विष नाही," ती म्हणाली. "ओतलं असतं तर आधी गवत जळलं असतं. जुनं झाड बुंध्याशी पसरतं. हे खांबासारखं सरळ जमिनीत शिरलंय, कारण बुंधा मातीखाली गाडलाय. बाकाचे पायही त्याच मातीत. साल कुजतेय, मुळं गुदमरताहेत. एवढी माती बाईंच्या नकळत शेजारी कशी टाकणार? बाई घरात नव्हत्या, तेव्हाच ती पडली. हिरवळीसोबत. काका?"

यजमानांनी मान खाली घातली.

"मुळांना अडखळूनच ही पडली होती. पुन्हा पडू नये म्हणून... मी मुळं झाकली."

"आणि त्या शेजाऱ्याला शिव्या खाऊ दिल्यात?" बाई कडाडल्या.

"झाड सुकायला लागल्यावर शंका आली. पण तुझा जीव या झाडात. सांगायचा धीर झाला नाही गं."

बाई डॉक्टरकडे वळल्या. "जगेल?"

"आज नाही सांगता यायचं. माती खुरप्यानं, हळूहळू काढा. मुळं दुखवू नका. बुंधा उघडा ठेवा, खत घालू नका. वाळलेलं तेवढं मी छाटते."

बाईंनी खुरपं उचलून नवऱ्याच्या हातात दिलं आणि काठी टेकत फाटकाकडे निघाल्या.

"अगं, थांब, मीही येतो शेजाऱ्याकडे."

"आधी माती काढा," त्या मागे न बघता म्हणाल्या. "माझं माफी मागून झालं की तुम्हाला हाक मारते."